अनुभव धागा: नोटाबंदीचं ते रात्री आठचं भाषण तुम्ही कुठे आणि कसं ऐकलंत?

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. रात्री आठला पंतप्रधान मोदी टीव्हीवर आले, दिवाळीच्या शुभेच्छांनी सुरुवात केली आणि पुढे सांगितलं की आज मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजारच्या नोटा चालणार नाहीत. नोटाबंदीवर वाद भरपूर झालेत, काळा पैसा किती निघाला, जीडीपीचं काय झालं, तो वाद इथे नको. मला त्या भाषणाबद्दल ऐकायचंय. ते कानावर पडलं तेव्हा तुम्ही कुठे होतात, ऐकताना आत काय झालं, घरात कोण काय बोललं. आणि त्यातलं कुठलं वाक्य तुमच्या बाबतीत खरं झालं आणि कुठलं नाही. बाजूचे असा, विरोधातले असा, सगळ्यांनी लिहा, फक्त स्वतःचं लिहा, फॉरवर्ड नको.

आधी माझं सांगते. डोंबिवलीला आम्ही एकत्र राहतो, सासरे पोस्टातून रिटायर झालेले, धाकटे दीर रिक्षा चालवतात. जेवायला बसलो होतो आणि टीव्ही चालू होता. भाषणात साध्या माणसांच्या प्रामाणिकपणाचं आलं, की गरीब रिक्षावाला गाडीत राहिलेले दागिने घर शोधून परत करतो, तर दीर जेवता जेवता थांबले आणि सासूबाईंना म्हणाले आई ऐकलंस का, आमचं बोलतायत. इतके खूश झालेले मी त्यांना क्वचित बघितलंय, कारण रिक्षावाल्यांबद्दल टीव्हीवर चांगलं कोण बोलतं हो. आणि मग थोड्याच वेळात नोटांचं आलं. सासऱ्यांना पटेचना, म्हणाले नीट ऐकू दे. हिंदी संपल्यावर तेच इंग्रजीतून झालं तेही त्यांनी बसून पूर्ण ऐकलं, आम्हाला बोलू दिलं नाही. मग म्हणाले, १९७८ ला मोरारजींच्या वेळी पण झालं होतं, पण तेव्हा हजार, पाच हजार आणि दहा हजारच्या नोटा बंद झाल्या, आमच्या काउंटरवर तसली नोट कोण आणणार, आता पाचशेची तर कामवालीच्या हातात पण असते.

दुसऱ्या दिवशी रिक्षात बसणारा प्रत्येक जण पाचशेचीच नोट काढायचा. दिरांनी एक वही केली, ओळखीचे पॅसेंजर त्यात लिहायचे आणि सोडायचे. बहुतेकांनी नंतर आणून दिले. म्हणून मला आजही वाटतं की भाषणातलं ते प्रामाणिकपणाचं वाक्य शंभर टक्के खरं होतं, आमच्या स्टँडवर ते मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त एवढ्या प्रामाणिक माणसांना तयारीला चार तास दिले, त्याचं मला वाईट वाटतं.

लिहा तुम्ही.

*

लातूरहून. मी तेव्हा एका बँकेत कॅशला होते, बँकेचं नाव नको.

भाषण मी पूर्ण ऐकलंच नाही कारण नोटांचं वाक्य झालं नि साहेबांचा फोन आला की टीव्ही लावलाय का. त्यांनाही तेव्हाच कळलं होतं. ९ तारखेला बँका लोकांसाठी बंद होत्या, आम्ही मात्र आत होतो, १० ला शटर वर केलं तर रांग पार मेन रोडपर्यंत. चार हजारपर्यंत बदलून मिळणार, फॉर्म भरायचा, आयडीची झेरॉक्स लावायची. फॉर्म भरता न येणारे कितीतरी, मग रांगेतलीच कॉलेजची पोरं दहा दहा जणांचे फॉर्म भरून द्यायची. दुसरा शनिवार आणि रविवार पण बँक चालू ठेवली होती.

मला जे विसरता येत नाही ते सांगते. एक भाजीवाल्या मावशी आल्या, पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, प्रत्येक नोटेची इतकी बारीक घडी की काड्यापेटीत मावेल, आणि वर्षानुवर्षं तशाच राहिलेल्या असणार कारण घडीच्या रेघेवर कागद पांढरा पडला होता. मशीनमध्ये घातल्या की मशीन अडकायचं. मग मी एकेक नोट काउंटरवर ठेवून तळहाताने सपाट केली, मागे रांग ओरडत होती, आणि मावशी मला हळूच म्हणाल्या बाई घरी कुणाला सांगू नका हं. त्या त्यांच्या गावाहून दोन तास बसने आल्या होत्या, तिथल्या बँकेत ओळखीचे लोक म्हणून गेल्या नव्हत्या.

भाषणात म्हटलं होतं की तुमचा पैसा तुमचाच राहील, चिंता करू नका. हिशोबाने बघितलं तर मावशींचा एकही रुपया बुडाला नाही, मी स्वतः बदलून दिले. पण तो पैसा नवऱ्यापासून लपवलेला होता हीच त्याची किंमत होती, आणि कितीतरी बायकांचं ते त्या महिन्यात घरात उघडं पडलं. हे कुठल्याच आकड्यात येणार नाही म्हणून इथे लिहितेय.

आणि आमच्याबद्दल पण एक, लोकांना माहीत नसतं, कॅश कमी भरली तर कॅशिअर स्वतःच्या खिशातून भरतो. त्या दिवसांत रात्री दहा अकराला टॅली करताना किती जणींनी भरले असतील. मग वरून ऐकायचं की बँकवाल्यांनीच मागच्या दाराने नोटा बदलल्या. काहींनी केलंही असेल, ज्यांनी केलं त्यांना शिक्षा व्हायलाच पाहिजे होती. बाकीच्यांनी काम केलं.

*

नागपूर. मी पूर्ण पाठिंब्याने लिहितोय, आधीच सांगतो.

माझा पगार खात्यात येतो, टीडीएस कापून येतो. घर घ्यायला गेलो तेव्हा बिल्डरने तोंडावर सांगितलं एवढे व्हाइट, एवढे कॅश. कॅश आणायची कुठून, माझ्याकडे सगळंच व्हाइट. दोन ठिकाणी हेच झालं आणि शेवटी मनासारखं घर सोडून दुसरीकडे घ्यावं लागलं. तर त्या रात्री भाषण ऐकताना अंगावर काटा आला होता. पहिल्यांदा कोणीतरी माझी बाजू घेऊन बोलतंय असं वाटलं, की बाबा तू टॅक्स भरतो ना, तुला भ्यायचं कारण नाही, ज्याने गाद्यांखाली ठेवलाय त्याने भ्यावं. बायकोनं लगेच पर्स उलटी केली, शंभरच्या मोजून पाच-सहा नोटा निघाल्या, तरी दोघं हसत होतो. रांगेत उभं राहताना पण त्रास वाटला नाही. रांगेतले बरेच जण तसंच म्हणत होते, होऊ द्या त्रास, पण एकदा साफ होऊ द्या.

२०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रिपोर्ट आला की १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले, म्हणजे ९९.३ टक्के. हे वाचून मला लागलं, खोटं बोलणार नाही. मला वाटलं होतं खूप मोठा भाग परत येणारच नाही. पण डिजिटल पेमेंट त्यानंतर ज्या वेगानं वाढलं ते पण मी बघितलंय, १४ एप्रिल २०१७ ला पंतप्रधान इकडे दीक्षाभूमीवर आले आणि नागपुरातूनच भीम-आधारचं उद्घाटन झालं. आज माझा पानवाला कॅश नको म्हणतो. त्या रात्री जो अभिमान वाटला तो खरा होता आणि तो मी परत घेणार नाही. तो बिल्डर मात्र अजून कॅश मागतो, हे त्याच दमात सांगितलं पाहिजे.

*

निफाड तालुका. वरच्या नागपूरच्या दादांचं वाचलं, त्यांचं म्हणणं समजू शकतो. आता आमचं ऐका.

आमच्या घरी भाषण ऐकलं नाही कोणी, लाइट नव्हती. चुलत्याच्या मोबाईलवर कोणीतरी पाठवलं तेव्हा कळलं. कांदा भरलेला ट्रॅक्टर दारात उभा होता सकाळी लासलगावला न्यायला. तर सकाळपासून लिलावच बंद, व्यापाऱ्याकडे द्यायला कॅश नाही. काही दिवसांनी लिलाव चालू झाले ते चेकवर. भाव आधीच पडलेले त्या वर्षी, त्यात चेक. चेक लावायचा कुठं तर आमचं सगळ्या गावाचं खातं जिल्हा बँकेत, पीक कर्ज तिथंच, सोसायटी तिथंच. आणि १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला बंदी केली. राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा शहरात, आमच्या गावात फक्त जिल्हा बँकेची शाखा.

रब्बीची पेरणी, कांद्याची लागण, सगळं तोंडावर. लागणीला बाया रोजंदारीने येतात, संध्याकाळी हातात पैसे द्यायची पद्धत. मी काय सांगू त्यांना, की पैसे आहेत पण बँकेत आहेत. त्या वर्षी आम्ही एका बाईला ज्वारी दिली मजुरीत, आजोबांच्या काळात देत होते तसं, ती घेऊन गेली, पण तिला किराणाला आणि पोराच्या फीला रोख लागत होती ते मला दिसत होतं. बियाणं आणि खत दुकानदाराने उधार दिलं म्हणून पेरणी झाली, त्याचं व्याज दिलं.

मला भाषणाबद्दल एवढंच म्हणायचंय की त्यात बँक म्हटलं की शहरातली बँक धरली होती. जिल्हा बँक म्हणजे पुढाऱ्यांचा पैसा असं कोणाला वाटलं असेल, आणि पुढारी तिथं आहेतच, ते नाकारत नाही, पण पैसा आमचा पण तिथंच होता. नंतर ३१ डिसेंबरच्या भाषणात जिल्हा बँकेच्या पीक कर्जाचं ६० दिवसांचं व्याज सरकार भरेल असं आलं. तेवढं ऐकायला आम्ही सगळे बसलो होतो, बरं वाटलं, पण रोख कधी मिळेल ते आलं नाही.

*

पंढरपूर. थोडक्यात लिहिते. कार्तिकी त्याच आठवड्यात होती. वाळवंटात, ६५ एकरात दिंड्या उतरलेल्या, बहुतेकांकडे घरून निघताना दिलेली एक पाचशेची नोट आणि थोडी चिल्लर. आमचं प्रसादाचं दुकान आहे, कुंकू, बुक्का, तुळशीच्या माळा. बुधवारी सकाळी एक म्हातारबाबा माळ घेऊन पाचशे पुढे करतात आणि त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. मोबाईल नाही, टीव्ही नाही, रात्रभर कीर्तनात. ते भाषण देशाला उद्देशून होतं पण ते ज्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं त्यांना आम्ही दुकानदारांनी एकेकाला सांगितलं. कोणी रडलं नाही बरं का, बाबा म्हणाले पांडुरंगाला काळजी. माझ्या वडिलांनी माळ तशीच दिली आणि मठात जेवायची सोय कुठे आहे ते सांगितलं. पुष्कळ दुकानांनी तसंच केलं त्या दिवशी.

*

कोल्हापूर. हे पहिल्यांदाच लिहितोय.

वडील आयसीयूत होते, खाजगी हॉस्पिटल. वेटिंगमध्ये टीव्ही होता, आवाज बारीक. सगळे नातेवाईक उठून टीव्हीखाली जाऊन उभे राहिले. भाषणात यादी सांगितली, कुठे कुठे ७२ तास जुन्या नोटा चालतील, सरकारी दवाखाने, रेल्वे, सरकारी बस, विमानाचं तिकीट, पेट्रोल पंप, दूध केंद्र, स्मशानभूमी. मी प्रत्येक शब्दाला वाट बघत होतो की आता म्हणतील सगळी हॉस्पिटलं. सरकारी एवढंच म्हणाले. आणि त्याच यादीत स्मशानभूमी आली तेव्हा आमच्या शेजारी बसलेल्या एका काकूंनी कानावर हात ठेवले, ते मला आत्ता लिहिताना पण दिसतंय.

माझ्याकडे त्या दिवशी पतसंस्थेतून काढून आणलेले सगळे पाचशे-हजारचे होते, डिपॉझिट भरायला. रात्री काउंटरवर घेतले नाहीत. भाऊ पेट्रोल पंपावर गेला तर तिथं पण पाचशेचं पूर्ण पेट्रोल भरा, सुट्टे नाहीत. शेवटी गल्लीतल्या तालमीची पोरं घराघरांतून शंभर-पन्नासच्या नोटा गोळा करून मध्यरात्रीनंतर घेऊन आली, रबर लावलेल्या जुड्या. वडील बरे होऊन घरी आले, नंतर तीन वर्षं होते.

मला निर्णय बरोबर का चूक त्यातलं कळत नाही, २ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी वैध म्हटलं आणि न्या. नागरत्ना यांनी वेगळं मत दिलं, ते शिकलेले लोक बघतील. मी त्या यादीबद्दल बोलतोय. ती यादी ज्या टेबलावर लिहिली तिथे आयसीयूबाहेर बसलेलं कोणी नव्हतं.

*

@कोल्हापूर, दादा, तुमचं वाचून थांबले. नमस्कार त्या तालमीच्या पोरांना.

मी न्यू जर्सीत असते. आमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ आणि योगायोग म्हणजे त्याच दिवशी इथली अध्यक्षपदाची निवडणूक. ऑफिसमध्ये सगळे क्लिंटन-ट्रम्प करत होते आणि मी कानात हेडफोन घालून आईशी बोलत होते. आई पुण्यात एकटी. भाषण तिने ऐकलं, पण घाबरली, मला म्हणाली तू परत नीट सांग, माझे पैसे कागद झाले का. भाषणात तसा शब्दच होता ना, कागदाचा तुकडा. तो बेइमान लोकांच्या साठ्यासाठी होता, पण ७६ वर्षांच्या बाईला तेवढाच ऐकू आला. मी तिला इतक्या लांबून समजावत राहिले की डिसेंबर अखेरपर्यंत मुदत आहे, आणि सोसायटीतल्या एका मुलाने तिला प्रॉपर्टी टॅक्स जुन्या नोटांत भरता येतो हे कळल्यावर स्वतः नेऊन भरून आणला. त्या मुलाचे उपकार आहेत आमच्यावर.

*

गोवा, म्हापसा. मी १३ तारखेच्या भाषणाबद्दल लिहितो, चालेल ना? मोपा विमानतळाच्या पायाभरणीला आले होते तेव्हा म्हणाले मला ५० दिवस द्या, आणि मी घरदार देशासाठी सोडलं हे सांगताना त्यांचा गळा दाटून आला. माझी आई म्हापसा बाजारात मासळी विकते. ती मोबाईलवर बघता बघता रडली. म्हणाली ह्या माणसाला त्रास देतायत लोक. त्याच आठवड्यात तिची मासळी रोज उरत होती, दोन हजारची नोट घेऊन येणाऱ्याला दोनशेचे बांगडे द्यायचे तर अठराशे कुठून आणणार. बर्फाचा खर्च वेगळा. मी म्हटलं आई तुझंच नुकसान होतंय आणि तू रडतेस त्यांच्यासाठी. ती म्हणाली माझं मी बघीन. मला तेव्हा राग आला होता, आता तिचं मन मला मोठं वाटतं. आणि त्याच मनावर भरवसा ठेवून ५० दिवस मागितले होते, म्हणून ५० दिवसांनंतर तिच्यासारख्यांना नीट हिशोब सांगायला पाहिजे होता, काय ठरवलं होतं, काय झालं, काय नाही. तो हिशोब मी अजून मागतोय.

*

एसटीत वाहक आहे, बीड जिल्हा. ऊसतोडीच्या टोळ्या तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या, मागे राहिलेले म्हातारे आणि पोरं. एसटीत जुन्या नोटा चालत होत्या म्हणून लोक तिकिटापेक्षा सुट्ट्यांसाठी चढायचे, बारा रुपयांच्या तिकिटाला पाचशे. माझ्या बॅगेत सकाळी जेवढी चिल्लर असायची ती पहिल्या दोन थांब्यांत संपायची. मग तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचो, डेपोतून घ्या. शिव्या मी खाल्ल्या. पण एक सांगतो, बाकी राहिलेली रक्कम तिकीट दाखवून घेऊन गेले लोक, डेपोत कोणाची बुडवली नाही आम्ही.

*

मी अंगणवाडी सेविका, जिल्हा यवतमाळ. सगळ्यांनी ८ तारखेचं लिहिलं, मी ३१ डिसेंबरच्या भाषणाचं लिहिते कारण आमच्याकडे त्याचाच परिणाम जास्त झाला.

त्या संध्याकाळी गावात सरपंचांच्या घरी सगळे जमले होते. लोकांना वाटत होतं ५० दिवस झाले, आता खात्यात काहीतरी येणार. पंधरा लाखाचं बोलणारे पण होते. भाषणात घरकर्जाचं आलं, ज्येष्ठांच्या ठेवीवर आठ टक्के व्याजाचं आलं, आणि मग गरोदर बायांना सहा हजार रुपये खात्यात. बाकीचं कोणाच्या उपयोगाचं नव्हतं पण हे ऐकून बायांमध्ये एकदम कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी नवीन वर्ष, मी अंगणवाडी उघडली तर दारात बाया उभ्या. एक तर नवव्या महिन्यातली, चालत आलेली. ताई नाव लिहा. मी काय लिहिणार, माझ्याकडे ना जीआर ना फॉर्म. तरी मी एका वहीत सगळ्यांची नावं, महिना आणि खाते नंबर लिहून घेतले, कारण त्यांना परत पाठवणं मला जमलं नाही.

योजना आली, मातृवंदना नावाने, १ जानेवारी २०१७ पासून लागू, पण फॉर्म हातात यायला बरेच महिने गेले. रक्कम पाच हजार, तीन हप्त्यांत, आणि फक्त पहिल्या जिवंत बाळासाठी. उरलेले दवाखान्यात बाळंतपण केलं की जननी सुरक्षेतून मिळतील असा हिशोब. मग त्या वहीतल्या घरी मी एकेक करून गेले सांगायला. ज्यांचं पहिलं बाळंतपण होतं त्यांचे फॉर्म भरले, आधार लिंक नसलेल्यांच्या मागे लागले, आणि बऱ्याच जणींना पैसे मिळाले, त्या पैशातून एकीने शेळी घेतली, ती शेळी अजून दूध देते तिच्याकडे. नवव्या महिन्यात चालत आलेली ती बाई मात्र दुसऱ्या खेपेची होती. तिला बसलं नाही. तिने विचारलं, ताई टीव्हीवर तर असं काही म्हणले नव्हते ना? मी म्हटलं, नाही म्हणले. आता नवीन नियमाने दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात, तिलाही दुसरी मुलगीच झाली होती, पण मागच्यांना ते लागू नाही. कोणाला मागच्या केसेससाठी अर्ज कुठे करायचा माहीत असेल तर कृपया इथेच लिहा, वही माझ्याकडे आहे.